आतून कोण बोलतंय?

ऑफर लेटर मेलमध्ये येऊन पडलंय. पॅकेज झक्कास. सोमवारपर्यंत उत्तर कळवायचंय. तुम्ही एक्सेल उघडता. एका कॉलमात ‘राहू’, दुसऱ्यात ‘जाऊ’. पगार, प्रवास, बॉस, घरभाडं, आईबाबांची तब्येत, पुढचे चान्सेस... सगळ्याला दहापैकी मार्क. बेरीज होते आणि ‘जाऊ’ चांगल्या सात-आठ मार्कांनी जिंकतं. नेमक्या त्याच क्षणी पोटात गोळा येतो.

गणितात चूक नाही. दोनदा तपासून झालंय. पण पोट सही करायला तयार नाही.

अशा वेळी सल्ला एकच मिळतो, ‘आतल्या आवाजाचं ऐक.’ मित्र सांगतात, कॉफीचे मग सांगतात. स्टीव्ह जॉब्जनं २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या पोरांसमोर हेच सांगितलं आणि ते भाषण अजून फॉरवर्ड होत फिरतंय. ऐकायला मस्तच वाटतं. पण आत एकच माणूस बसलाय थोडाच! तिथं अख्खी सोसायटीची मीटिंग चालू असते. त्यातला कुणाचा आवाज ‘तो’ आवाज, हे मात्र कुणीच सांगत नाही.

मराठीत तर घोळ आणखी वाढतो. इंग्रजीत ‘माइंड’ म्हणजे डोकं, ‘हार्ट’ म्हणजे हृदय, अशी सरळ वाटणी. आपलं ‘मन’ मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं. ‘माझं मन सांगतंय’ म्हणजे आतून कळतंय. ‘मनाला आवर घाल’ म्हणजे त्याचं मुळीच ऐकू नकोस! समर्थ रामदासांनी दोनशे पाच मनाचे श्लोक लिहिले ते या मनाला समजावण्यासाठी, हट्टी पोराला जवळ घेऊन सांगावं तसं. आणि तुकोबांनी खऱ्याखोट्याचा निवाडा करायला साक्षीला बोलावलं तेही मनालाच. लोकांचं बहुमत त्यांनी मोजलं नाही. एकाच शतकातले दोन संत; एकाचं मन शाळेत बसलेलं, दुसऱ्याचं कोर्टात साक्ष देणारं.

कठोपनिषदातलं रथाचं चित्र इथं कामाला येतं. शरीर हा रथ, इंद्रियं म्हणजे घोडे, मन म्हणजे लगाम, बुद्धी सारथी आणि मालक मागे बसलेला, तो आत्मा. गंमत बघा, यात बुद्धीला रथातून उतरवलेलं नाही. गाडी तीच चालवते. पण कुठं जायचं हे ड्रायव्हरनं ठरवायचं नसतं. आपल्या एक्सेल शीटचा प्रॉब्लेम हाच आहे. रस्ता ती फर्स्टक्लास दाखवते, पण मालकाला विचारायचं राहून जातं.

येरवड्यातली ती रात्र

‘आतला आवाज’ हा शब्द आपल्याकडे गाजला तो गांधीजींमुळे, आणि त्यातला सगळ्यात नाट्यमय प्रसंग घडला पुण्यात. १९३३ च्या एप्रिलअखेर गांधीजी येरवडा जेलमध्ये होते. अस्पृश्यतेचा प्रश्न डोक्यात घोळत होता आणि मार्ग दिसत नव्हता. एका रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान त्यांना आवाज ऐकू आला. दुरून आल्यासारखा, तरी अगदी जवळचा. आत प्रचंड झगडा चालू होता, आवाज आला, तो ‘तोच’ असल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि झगडा थांबला. उपोषणाची तारीख ठरली. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढे जुलैमध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं. ८ मे रोजी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू झालं. सरकारनं त्याच दिवशी त्यांना सोडलं. उरलेले दिवस त्यांनी येरवड्याच्या टेकडीवरच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात काढले आणि २९ मे रोजी तिथंच उपोषण सोडलं.

हा भास कशावरून नाही, असं लोकांनी तेव्हाही विचारलं. गांधीजींचं उत्तर प्रामाणिक होतं. संशयी माणसाला पटेल असा पुरावा आपल्याकडे नाही, हे त्यांनी मान्य केलं. मात्र असा आवाज ऐकण्याची कुवत बऱ्याच लांब आणि खडतर तयारीनंतर येते, असंही ते म्हणाले. ‘मला आतून वाटलं’ असं म्हणून आपण मंगळवारी जिम लावतो आणि शुक्रवारी सोडतो, त्यात ही तयारी कुठं बसते ते आपलं आपण बघावं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. त्याच्या आठच महिने आधी, सप्टेंबर १९३२ मध्ये, याच जेलमध्ये गांधीजींनी स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात उपोषण केलं होतं. तेही ईश्वराच्या हाकेला ओ देऊन, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या हाकेचं ओझं पडलं डॉ. आंबेडकरांवर. गांधीजींचा जीव जाणार की दलितांच्या हाती आलेला हक्क सोडायचा, असा तो पेच होता. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि त्याबद्दलची कटुता बाबासाहेबांच्या पुढच्या लिखाणात स्पष्ट दिसते. एकाला ऐकू आलेल्या आवाजाचं बिल असं दुसऱ्याच्या नावावर फाटू शकतं. ‘मी नोकरी सोडून डोंगरात कॅफे काढतोय’ हे आतून आलं असेल तर उत्तमच, पण होम लोनमध्ये को-अ‍ॅप्लिकंट कोण आहे?

हाताला आधी कळतं

अध्यात्म ज्यांना पचत नाही त्यांच्यासाठी एक पत्त्यांचा खेळ. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अंतोनियो दमासिओ आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर पत्त्यांच्या चार गड्ड्या ठेवल्या. दोन गड्ड्यांत मोठी बक्षिसं, पण त्याहून मोठे दंड. दोन गड्ड्यांत कमाई थोडी, पण शेवटी फायदा. खेळणाऱ्याला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. १९९७ मध्ये छापलेले निष्कर्ष भन्नाट होते. दहाएक पत्ते उचलून होईतो, वाईट गड्डीकडे हात जाण्याआधीच तळहाताला बारीक घाम फुटू लागला होता. ‘काहीतरी गडबड आहे’ असं वाटायला पन्नासएक पत्ते जावे लागले आणि नेमकं कारण बऱ्याच जणांना ऐंशीच्या सुमारास सांगता आलं.

२००४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी यावर शंका काढली. नीट प्रश्न विचारले तर लोकांना बरंच आधी कळलेलं असतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे हा वाद मिटलेला नाही. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त हलवून गेली. मेंदूच्या पुढच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या काही पेशंट्सना कुठली गड्डी वाईट हे कळलं होतं, त्यांनी ते बोलूनही दाखवलं आणि तरी ते तीच गड्डी उचलत राहिले. डोकं शाबूत, बेरीज बरोबर, पण आतली घंटा बंद.

मग पोटावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा का? अजिबात नाही! डॅनियल कानेमन (२००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल) अंतःप्रेरणेकडे कायम संशयानं बघत आले. गॅरी क्लाइन यांनी आगीच्या बंबांच्या प्रमुखांचा अभ्यास करून तिची बाजू घेतली. २००९ मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि बऱ्याच मुद्द्यांवर त्यांचं एकमत निघालं. ज्या कामात काही नियमितता आहे आणि चुकलं की लगेच कळतं, तिथं अनुभवी माणसाच्या आतल्या आवाजाला वजन आहे. शेअर बाजारात कुठला शेअर चढेल, याबाबत नाही. तेव्हा ‘माझं गट फीलिंग सांगतंय, हा स्टॉक डबल होणार’ हे अध्यात्म नव्हे आणि अनुभवही नव्हे.

चव नंतर कळते

ओळख पटवायची कशी, याचं सगळ्यात कामाचं उत्तर मला पाचशे वर्षांपूर्वीच्या एका जखमी सैनिकाकडे सापडलं. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. महिनोन्महिने अंथरुणात. वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या, घरात मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्नं बघायचा, दरबारातल्या पराक्रमाची आणि संतांसारखं जगण्याची. रंगायची दोन्ही. पण पहिलं संपलं की आत कोरडं कोरडं वाटायचं, दुसरं संपल्यावरही समाधान टिकायचं. एवढीच नोंद. त्यातूनच पुढे त्याची साधना उभी राहिली आणि जेझुइट पंथ. मुंबईत झेवियर्सला शिकलेल्यांना हे नाव नवं नाही.

म्हणजे आवाज किती मोठा ते बघायचं नाही, मागे चव काय राहते ते बघायचं. इग्नेशियसचा आणखी एक नियम तर प्रत्येक एचआरनं भिंतीवर लावावा. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. अप्रेझलच्या रात्री साडेअकराला टाइप केलेला राजीनामा ड्राफ्टमध्येच झोपू द्या.

इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना ही टेस्ट वेगळ्या वाटेनं भेटते. दहा दिवस फोन जमा, वाचन-लेखन बंद, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवसापासून अंगभर उठणाऱ्या संवेदना बघायच्या आणि त्यांच्यामागे धावायचं नाही. इथंच अनेकांना दचका बसतो. आतून जे जे उठतं ते सगळं शहाणपण नसतं! बरंचसं नुसतं खाजवणं असतं, उठतं आणि जातं. जे राहिलं त्याच्याशी मग बोलता येतं.

एरवी आपल्या आत बोलणारी बहुतेक मंडळी उधारीची असतात. ‘लग्न झालेल्या मुलीनं इतक्या लांब जाऊ नये’ हा अंतरात्मा नाही, ती आत्या आहे. ‘एवढ्यात घर झालंच पाहिजे’ हा कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. भीती नेहमी घाईत असते आणि तेच तेच मोठ्यानं बोलते. आणि ‘मला आतून कळलंय की तू असं कर’ म्हणणारा गुरू, बॉस किंवा बॉयफ्रेंड भेटला तर चप्पल घालून निघावं. खरोखरीचे आवाज ऐकू येत असतील, ते हुकूम सोडत असतील, झोप उडवत असतील, तर तिथं साधना नको, सायकियाट्रिस्ट हवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सोमवारच्या उत्तराचं काय? क्वेकर लोकांची एक पद्धत करून बघण्यासारखी आहे. पेचात सापडलेला माणूस चार-पाच जणांना बोलावतो. त्यांना सल्ला द्यायला बंदी. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, तेही ज्यांचं उत्तर त्यांना माहीत नाही असे. ‘तू असं का करत नाहीस?’ हा प्रश्न बाद, कारण तो वेश बदललेला सल्ला आहे. आपल्याकडे चार मित्र जमवून एक तास सल्ला न देता बसवणं ही तपश्चर्याच, पण जमलं तर धमाल येते. मध्येच शांतता पडते, ती पडू द्यायची.

आणि एक वही करा. निर्णयाची तारीख, एक्सेल काय म्हणाली, आतून काय वाटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची चव काय होती. तीन महिन्यांनी उघडून बघा. पाच-सात निर्णयांनंतर आपला कुठला आवाज वारंवार थापा मारतो ते नावानिशी कळायला लागतं. साधी दुरेघी वही चालेल. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे लिहू नका.