रूटचा पत्ता नेमका कोण वाचतो?

लिनक्स सुरू होताना ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ असा संदेश देऊन संगणक थांबला, की डिस्क गेली असं समजून अनेक जण थेट नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. ही घाई टाळायला हवी. हा संदेश कर्नलच देतो, म्हणजे तो मेमरीत पोचून चालू झालेला असतो. त्याला सापडत नाही ते रूट पार्टिशन. पत्ता चुकलेला असतो, डिस्कचा ड्रायव्हर नसतो किंवा इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टिम) लोड झालेली नसते.

ग्रब या बूटलोडरच्या नोंदीत ‘सेट रूट’ आणि ‘रूट=’ हे दोन्ही दिसतात आणि ते एकच आहेत असं वाटतं. पहिला ग्रबसाठी असतो: कर्नलची फाइल कुठे शोधायची ते तो सांगतो. दुसरा ग्रब स्वतः वापरत नाही, जसाच्या तसा कर्नलच्या हवाली करतो. ‘/बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर दोन्हींची पार्टिशनं वेगळी असणारच.

पार्टिशनचं ‘एसडीए२’सारखं नाव कायमचं असतं, हा समजही खरा नाही. डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यानुसार नावं मिळतात. एखादी यूएसबी डिस्क जोडली तरी क्रम बदलू शकतो.

मग नावाऐवजी यूयूआयडी हा ओळख-क्रमांक लिहिला की काम झालं? सर्वात जास्त फसवणारा गैरसमज हाच. यूयूआयडी फाइलसिस्टिमच्या आत लिहिलेला असतो आणि ‘रूट=यूयूआयडी’चा अर्थ एकट्या कर्नलला लागत नाही; तो शोध इनिट्रॅमएफएसमधल्या प्रोग्रामकडून होतो. इनिट्रॅमएफएस न वापरता बूट करायचं असेल, तर पार्टयूयूआयडी द्यावा. तो पार्टिशन टेबलमधून येतो आणि कर्नल तो स्वतः ओळखतो. रास्पबेरी पायच्या ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मध्ये तोच दिसतो. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं तर यूयूआयडी बदलतो, पार्टयूयूआयडी तसाच राहतो. ‘डीडी’ने अख्ख्या डिस्कची नक्कल केली, तर दोन्ही ओळखी नकलेतही जशाच्या तशा उतरतात. म्हणून मूळ आणि नक्कल एकाच वेळी जोडून बूट करू नये.

एफएसटॅब (माउंट करायच्या पार्टिशनांची यादी) दुरुस्त केली की रूट सापडेल, असंही सांगितलं जातं. पण ‘/ईटीसी/एफएसटॅब’ त्याच रूट पार्टिशनवर असते. घराचा पत्ता घरातल्याच कपाटात ठेवल्यासारखं ते आहे. रूट माउंट झाल्यावर त्याची तपासणी करायची का, आणि कोणत्या पर्यायांनी ते पुन्हा माउंट करायचं, हे मात्र तीच ठरवते. ‘रूट=’च्या ओळीत ‘आरओ’ (फक्त वाचण्यासाठी) पाहूनही घाबरू नये: तपासणी होईपर्यंत रूट लिहिण्यासाठी बंद ठेवणं सुरक्षित असतं.

यूएसबी किंवा एसडी कार्ड उशिरा जागं होत असेल, तर पत्ता बरोबर असूनही बूट अडतं. तिथे त्याच ओळीत ‘रूटवेट’ जोडावं.

ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून केलेला बदल त्याच बूटपुरता टिकतो, त्यामुळे पत्ता बदलून पाहायला ती जागा निर्धोक आहे. संगणक सुरू झाला की कर्नलला खरोखर काय मिळालं ते ‘/प्रोक/सीएमडीलाइन’मध्ये वाचावं आणि डेबियन-उबंटूवर ‘अपडेट-ग्रब’ चालवून नोंद नव्याने तयार करून घ्यावी.