आयुष्य वाढतं सवयींच्या बेरजेनं

मावळातल्या मागच्या पिढीला व्यायाम वेगळा करावा लागत नसे. गुडघाभर चिखलात भातलावणी, डोक्यावर गवताचे भारे, आठवडी बाजाराला पायपीट. श्रम दिवसातच मुरलेले होते. आता दारात दुचाकी आहे, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी आहे. ताटातला भात तोच. श्रम मात्र कमी झाले आणि झोपही तुटली.

सवयींचा असा एकत्रित परिणाम आयुर्मानावर किती होतो, याचं उत्तर हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळतं. अमेरिकेतल्या सुमारे सव्वा लाख स्त्री-पुरुषांची तीन दशकांच्या आसपासची माहिती त्यांनी तपासली. निकष पाच होते: धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, रोज किमान अर्धा तास व्यायाम, चौरस आहार आणि मर्यादित मद्यपान. पाचही पाळणाऱ्यांचं पन्नाशीनंतरचं अपेक्षित आयुष्य, एकही न पाळणाऱ्यांपेक्षा स्त्रियांत सुमारे १४ आणि पुरुषांत १२ वर्षांनी जास्त आढळलं. जितके निकष जास्त, तितका फायदा जास्त.

हे आकडे अमेरिकेचे. ते आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. सवयी आणि आयुर्मान यांचा संबंध त्यातून दिसतो, हमी मिळत नाही. शिवाय आपल्याकडे सिगारेट-बिडीबरोबर तंबाखू आणि मिश्रीही मोजायला हवी. दारू न पिणाऱ्यानं तर ती सुरू करण्याचं काहीच कारण नाही.

सवयींकडे एकत्र पाहण्याचा विचार आपल्याला नवा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म आणि झोप या सगळ्यांचंच प्रमाण सांगितलं आहे. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगांनी तपासायला सुरुवात केली. योगाकडे केवळ श्रद्धेनं नव्हे, मोजमापानंही पाहता येतं, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून पहाटे आसनं करून दिवसभर तंबाखू मळणं, किंवा रोज पाच किलोमीटर चालून रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणं, हा हिशेब जुळत नाही. एका चांगल्या सवयीनं दुसरी वाईट सवय फिटत नाही.

सगळं एकदम बदलण्याची गरज नाही. बाजाराला चालत जा, ताटात भाताची एक मूद कमी करून पालेभाजी-उसळ वाढवा, झोपेची वेळ ठरवा. तंबाखू सोडण्यासाठी मात्र मुहूर्त पाहू नका.