शून्य कोठे हरवले?

वाशीचा पिनकोड ४००७०३ आणि बेलापूरचा ४००६१४. यांची बेरीज करा पाहू. ८०१३१७! गणित बरोबर आले. पण या उत्तराचे करायचे काय? पिनकोड अंकांनी लिहितात खरा, परंतु तो संख्या नव्हे. ते टपालाच्या विभागाचे नाव आहे. (श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली.) तुम्हाला हे कोणी सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती पुष्कळदा साध्या मजकुराच्या रूपात जाते. त्यासाठी 'जेसन' नावाची लेखनपद्धती आज जगभर वापरतात. वाशी स्थानकाची नोंद तिच्यात अशी दिसेल:

{"नाव": "वाशी", "पिनकोड": "४००७०३", "एसटीडी": "०२२", "सुरुवात": "०९-०५-१९९२"}

अवतरणचिन्हांत असेल तो मजकूर. संख्या त्यांच्याशिवाय लिहितात. माहिती घेणारा प्रोग्रॅम आपल्याकडे आधीच एक साचा तयार ठेवतो: या खणात मजकूर, त्या खणात संख्या, पलीकडच्या खणात तारीख. जे खणात बसत नाही ते तेथेच अडते.

समजा, ०२२ ची अवतरणचिन्हे कोणी काढली. जेसनच्या नियमाप्रमाणे संख्येच्या आरंभी असे जादा शून्य चालत नाही, म्हणून चूक लगेच पकडली जाते. पण चिन्हे तशीच ठेवून साच्यातला खणच संख्येचा केला, तर? पुष्कळ प्रोग्रॅम निमूटपणे २२ लिहून मोकळे होतात. शून्य गेले, आणि बाहेरगावाहून वाशीला फोन लागेना!

तारखेची गोष्ट याहून बिकट. जेसनमध्ये तारीख असा प्रकारच नाही. तीही मजकूर म्हणूनच येते. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली ती ९ मे १९९२ रोजी. अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचणारा प्रोग्रॅम मात्र ५ सप्टेंबर समजेल. दोन्ही तारखा खऱ्या, त्यामुळे तक्रार कोणीच करणार नाही. २५ तारीख असती तर पंचविसावा महिना कोठून आणणार? तेथे चोरी उघडी पडली असती. म्हणून १९९२-०५-०९ असे, वर्ष आधी लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

आता वर्गातील मुलांची यादी घ्या: हजेरी क्रमांक, उंची, जन्मतारीख, फोन. यांपैकी कशाची सरासरी काढता येईल? प्रत्येक खणासमोर त्याचा प्रकार लिहून पाहा, आणि हजेरी क्रमांकावर शेजाऱ्याशी वाद घाला.