पोतयुक्त लेप, रणगाड्यांच्या प्रतिकृतींवरील

खऱ्या रणगाड्याच्या पृष्ठभागावरील रेघाळ, दाणेदार वा खडबडीत थर त्याच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृतीवर उठविण्याच्या क्रियेस पोतलेपन म्हणतात. अशा प्रतिकृती बहुधा पॉलिस्टायरीनच्या सुट्या भागांपासून जोडतात. १ : ३५, १ : ४८ व १ : ७२ ही त्यांची रूढ प्रमाणे होत.

झिमेरिट : पोतलेपनाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांवरील झिमेरिट हा लेप. चुंबकाने चिकटणारे सुरुंग पोलादी कवचास धरू नयेत, म्हणून कवच व चुंबक यांत अंतर राखण्यासाठी तो देत. बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनिल ॲसिटेट, गेरूसारखे रंगद्रव्य, झिंक सल्फाइड व लाकडाचा भुसा हे त्याचे घटक होत. गंजरोधक तांबड्या अस्तरावर करणीने लेप थापून दातेरी पट्टीने त्यावर उंचवटे उठवीत आणि नंतर फुंकदिव्याच्या ज्योतीने तो कठीण करीत. १९४३ च्या उत्तरार्धात कारखान्यांतून त्याचा वापर सुरू झाला व सप्टेंबर १९४४ मध्ये तो थांबविण्यात आला. तोफगोळ्यांच्या आघाताने लेप पेट घेतो, अशी शंका त्यास कारणीभूत झाली होती. चाचण्यांत ती निराधार ठरली, तरीही वापर पुन्हा सुरू झाला नाही. विशेष म्हणजे ज्या सुरुंगांच्या भीतीने हा लेप योजला, तसे सुरुंग जर्मनीच्या शत्रूंनी फारसे वापरलेच नाहीत.

प्रमाणाचा प्रश्न : मूळ लेप ५ मिमी. जाड धरल्यास १ : ३५ या प्रमाणात तो सु. ०.१४ मिमी. आणि १ : ७२ या प्रमाणात सु. ०.०७ मिमी., म्हणजे साधारणतः वर्तमानपत्राच्या कागदाइतका भरतो. हात थोडा जड पडला, तरी प्रतिकृतीवर लेपाऐवजी नांगरट दिसू लागते. म्हणून साधनाची निवड महत्त्वाची ठरते.

साधने व पद्धती : सर्वाधिक वापर दोन घटकांच्या एपॉक्सी लांबीचा होतो. पृष्ठभाग प्रथम पॉलिश कागदाने खरवडतात. लांबी शंखजिऱ्याच्या पुडीवर लाटून पातळ थर पसरतात आणि ती मऊ आहे तोवरच ओल्या दातेरी पट्टीने रेघा ओढतात. पट्टी कोरड्या स्थितीत वापरल्यास लांबी तिला चिकटून थर उचलला जातो. तयार धातूच्या पट्ट्या बाजारात मिळतात. जपानच्या तामिया या कंपनीनेही अशा पट्ट्यांचा संच काढला आहे. बारीक दातांच्या करवतीच्या पात्याचा तुकडाही चालतो. अडचणीच्या कोपऱ्यांत अरुंद पट्टी किंवा घासून चपटे केलेले पेचकसाचे टोक वापरून एकेक रेघ दाबावी लागते. जाळीदार नक्षीसाठी कोरीव रूळ फिरवितात. तापत्या टोकाच्या लेखणीने प्लॅस्टिकच वितळवून रेघा उठविता येतात. मात्र येथे चूक दुरुस्त होत नाही. रेझिनचे नक्षीदार पातळ पत्रे चिकटविणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. थर कठीण झाल्यावर चाकूने काही ठिकाणी टवके काढून तेथे तांबडे अस्तर रंगवितात. ओली एपॉक्सी त्वचेस अपायकारक असल्याने हातमोजे घालावेत. वितळलेल्या प्लॅस्टिकची वाफ व घासताना उडणारी धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये.

इतर पोत : ओतीव पोलादाच्या बुरुजाचा खडबडीतपणा दाट अस्तररंग राठ केसांच्या कुंचल्याने टोचून साधतात. आधुनिक रणगाड्यांवरील घसरणरोधक थरासाठी ओल्या रंगावर अतिशय बारीक पूड चाळतात.

ऐतिहासिक यथार्थता : नक्षीवरून कारखाना ओळखता येतो. उदा., आल्केट कारखान्याच्या स्टुग–३ या स्वयंचलित तोफेवर जाळीदार नक्षी, तर टायगरवर सामान्यतः आडवे उंचवटे आढळतात. काळाचे भानही आवश्यक असते. उत्तर आफ्रिकेतील मोहीम मे १९४३ मध्ये संपल्याने तेथील जर्मन रणगाड्यावर झिमेरिट दाखविणे चूक ठरते. जुलै १९४३ मधील कुर्स्कच्या लढाईसही तेच लागू आहे. याउलट ज्या इटालियन आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी वीरमरण पतकरून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्या आघाडीच्या देखाव्यात असा लेप योग्य ठरतो.

छायाचित्रांतून पोताची खोली नीट कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष रणगाडा पाहणे श्रेयस्कर. महाराष्ट्रात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात ही सोय आहे. पॅटन व सेंच्युरियन यांच्या बुरुजांचे ओतीव, खरबरीत पृष्ठभाग आणि विजयंताचे सपाट पत्र्यांचे वितळजोड तेथे जवळून पाहता येतात. कोठे पोत हवा आणि कोठे मुळीच नको, हे अशा निरीक्षणातूनच समजते.