चौकट : जोगेश्वरीची लेणी, अंशांतून मीटरांत

जोगेश्वरी पूर्वेच्या वस्तीत दाटीने वेढलेल्या सहाव्या शतकातील लेण्यांचे स्थान 19.14 उत्तर अक्षांश आणि 72.86 पूर्व रेखांश असे मोबाइल सांगतो. परंतु अंतर मोजावयाचे वा नकाशा जुळवावयाचा, तर अंश निरुपयोगी, तेथे मीटरच हवेत. हे रूपांतर ‘प्रोज’ या मुक्त संगणकप्रणालीतील ‘सीएस-टू-सीएस’ हा एका ओळीचा हुकूम करतो. त्यास मूळ निर्देशक-पद्धतीचा क्रमांक (ईपीएसजी 4326) व इच्छित पद्धतीचा (ईपीएसजी 32643, म्हणजे पृथ्वीच्या रेखांशपट्ट्यांपैकी 72 ते 78 पूर्व रेखांशांमधील त्रेचाळिसावा पट्टा) कळविला आणि खाली दोन आकडे लिहिले, की पूर्वेकडील सुमारे 2 लाख 75 हजार व विषुववृत्तापासून उत्तरेकडील सुमारे 21 लाख 18 हजार मीटर असे उत्तर तत्क्षणी उमटते. अक्षांश आधी लिहावा. सवयीने रेखांश आधी लिहिणाऱ्याची जोगेश्वरी थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील गारठलेल्या समुद्रात जाऊन पडते, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही!

जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांची कथा याहून नाजूक. ते सर्वेक्षक एव्हरेस्टसाहेबाच्या 1830 च्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या आकाराच्या गणिती नमुन्यावर, आधारलेले; त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या उपग्रहमान्य त्रिज्येहून 861 मीटरांनी आखूड, आणि केंद्रही निराळे. म्हणून दफ्तरातील जुने अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या नकाशावर मांडल्यास मुंबईत खूण शंभर मीटरांच्या घरात सरकते. लेण्यांचे प्रवेशद्वार शेजाऱ्याच्या चाळीत उघडते.