मासेमारी नौकेसाठी बॅटरी चार्जर : आधी वीज पाहा, मग चार्जर निवडा

दिवा-रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये कासू आहे. या पट्ट्यात खारभूमीतील भातशेती, जिताड्याची तळी आणि खाडीतील मासेमारी हातात हात घालून चालते. अंबा नदीत आत नागोठण्यापर्यंत भरतीचे पाणी येते. पुढे हीच नदी धरमतर खाडी होऊन रेवस-करंजाजवळ समुद्राला मिळते. पूर्वी या खाडीतील होडीला बॅटरीची गरज फारशी नव्हती. आता दिवे, जीपीएस, मासे शोधणारे यंत्र, व्हीएचएफ, पाणी उपसण्याचा पंप, मोबाईल आणि इंजिनचा सेल्फ स्टार्ट हे सगळे बॅटरीवर चालते.

त्यामुळे बॅटरी उतरली, तर केवळ गैरसोय होत नाही. धरमतर आणि डोलवीकडे रात्रीही मालवाहू बार्ज येतात-जातात. अंधारात दिवा विझलेली होडी बार्जच्या तांडेलाला दिसत नाही. जाळे ओढून झाल्यावर ओहोटी लागली आणि इंजिन सुरू झाले नाही, तर नौका चिखलावर बसते किंवा ओढीबरोबर वाहू लागते. संकटात चॅनेल १६ वर हाक द्यायची, तर व्हीएचएफला बॅटरी हवी. तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचा, तर मोबाईल चार्ज हवा.

नौकेवर कायम बसवलेला चार्जर, म्हणजेच ऑनबोर्ड चार्जर, हा यावरचा एक उपाय आहे. मात्र तो घेण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : आपली नौका जिथे लागते तिथे २३० व्होल्टची वीज किती तास मिळते? चार्जरची निवड बॅटरीच्या आकाराइतकीच या उत्तरावर ठरते.

तुम्हाला ऑनबोर्ड चार्जर लागतो का?

- जेटीवर विजेचा पॉइंट आहे आणि नौका तिथे रोज पाच-सहा तास थांबते : ऑनबोर्ड चार्जर उपयुक्त ठरतो. बॅटरी न उचलता नौकेवरच भरता येते.
- नौका खाडीत नांगरावर किंवा बांधालगत चिखलात लागते, जवळ वीज नाही : ऑनबोर्ड चार्जर घेऊन उपयोग नाही. सौर पॅनेल बसवावे किंवा बॅटरी घरी नेऊन भरावी. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३० किलो भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी १२ किलोच्या आसपास असते. रोज चिखलातून वाहून न्यायची असेल, तर हा फरक किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.
- इनबोर्ड डिझेल इंजिन रोज तीन-चार तास चालते : इंजिनवरील अल्टरनेटरच बॅटरी भरत असण्याची शक्यता आहे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून पाहावे. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर काम करतो आहे. १३ व्होल्टच्या खाली दिसले, तर नवीन चार्जर घेण्यापूर्वी पट्टा, वायरी आणि अल्टरनेटर तपासून घ्यावा.
- दोरी ओढून सुरू होणारे आउटबोर्ड इंजिन आणि एक-दोन दिवे : लहान बॅटरी आणि घरी ठेवलेला साधा स्वयंचलित चार्जर पुरेसा आहे.

आधी खर्च मोजा

बॅटरीतून रोज किती अँपिअर-तास जातात हे कागदावर मांडावे. उपकरणाचे अँपिअर गुणिले वापराचे तास, एवढाच हिशोब आहे. उपकरणावर वॅट दिले असतील, तर त्याला १२ ने भागावे. रात्रभराच्या मासेमारीसाठी एका लहान नौकेचे उदाहरण :

- नौकेचे एलईडी दिवे : १ अँपिअर × १० तास = १०
- जीपीएस व मासे शोधणारे यंत्र : ०.८ अँपिअर × १० तास = ८
- व्हीएचएफ (ऐकणे व अधूनमधून बोलणे) : ५
- जाळे ओढताना २० वॅटचा दिवा : १.७ अँपिअर × ४ तास = सुमारे ७
- पाणी उपसण्याचा पंप : २
- मोबाईल चार्जिंग : ४

एकूण ३६ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणून ३६ च्या दुप्पट ७२ धरावे आणि थोडी सवड ठेवून १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. लिथियम बॅटरीतून ८० टक्क्यांपर्यंत वीज काढता येते. तिथे ५० ते ६० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते.

चार्जर किती अँपिअरचा?

लेड-ॲसिड बॅटरी भरताना काही वीज वाया जाते. ३६ अँपिअर-तास काढले, तर सुमारे ४३ परत भरावे लागतात. साध्या पाण्याच्या बॅटरीसाठी तिच्या क्षमतेच्या १० ते २० टक्के अँपिअरचा चार्जर योग्य असतो. म्हणजे १०० च्या बॅटरीला १० ते २० अँपिअर.

येथे अनेकांचा हिशोब चुकतो. १० अँपिअरचा चार्जर ४३ अँपिअर-तास सव्वाचार तासांत भरेल आणि २० अँपिअरचा त्याच्या निम्म्या वेळात, असे वाटते. प्रत्यक्षात लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ८० टक्के भरली, की पुढची वीज ती सावकाश घेते. शेवटच्या टप्प्याला चार्जर कितीही मोठा असला, तरी दोन-तीन तास लागतात. त्यामुळे १० अँपिअरच्या चार्जरला साधारण सहा-सात तास आणि २० अँपिअरच्या चार्जरला चार-पाच तास लागतात. दुप्पट क्षमतेने वेळ निम्मा होत नाही.

रात्रभर वीज मिळत असेल, तर १० अँपिअर पुरे. दोनच तास वीज मिळत असेल, तर लेड-ॲसिड बॅटरीला मोठा चार्जर लावूनही ती रोज अर्धवट भरेल. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि एका हंगामात तिची ताकद जाते. अशा ठिकाणी लिथियम बॅटरीचा विचार करावा. ती जवळपास शेवटपर्यंत पूर्ण वेगाने वीज घेते. २० अँपिअरच्या चार्जरवर वरील खर्च दोन तासांत भरून निघतो.

विजेच्या बिलाची चिंता करू नये. एवढी बॅटरी भरायला एक युनिटही लागत नाही. २० अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टवर ३५० वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे लहान जनरेटरवरही तो चालतो. जनरेटर मात्र केबिनमध्ये किंवा बंद जागेत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

चार्जर आणि बॅटरीची जात जुळली पाहिजे

चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी पूर्ण अँपिअरने भरतो. नंतर ठरावीक व्होल्टवर थांबून अँपिअर कमी करत नेतो. शेवटी कमी व्होल्टवर बॅटरी भरलेली ठेवतो. प्रत्येक जातीच्या बॅटरीचे व्होल्ट वेगळे असतात. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण आकडे असे :

- पाण्याची लेड-ॲसिड : भरताना १४.४ ते १४.८, नंतर १३.२ ते १३.८
- एजीएम : भरताना १४.४ ते १४.७, नंतर १३.५ च्या आसपास
- जेल : भरताना १४.१ ते १४.४, जास्त व्होल्टने कायमचे नुकसान होते
- लिथियम आयर्न फॉस्फेट : भरताना १४.२ ते १४.६, नंतर सतत चार्जिंगची गरज नाही

अंतिम आकडा बॅटरी बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकातून घ्यावा. चार्जरवर बॅटरीची जात निवडण्याचे बटण हवे. गॅरेजमधील जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आपोआप थांबत नाही. तो रात्रभर लावून ठेवला, तर बॅटरीतील पाणी उकळून जाते.

कोकणातील उकाड्यासाठी तापमान सेन्सर असलेला चार्जर चांगला. लेड-ॲसिड बॅटरीचे वरील व्होल्ट २५ अंश सेल्सिअसला धरलेले असतात. इंजिनजवळची बॅटरी ३५ अंशांवर असेल, तर पाव व्होल्टच्या आसपास कमी व्होल्ट द्यावे लागते. सेन्सर हे काम स्वतः करतो.

इंजिनची बॅटरी वेगळी ठेवा

सेल्फ स्टार्टची नौका असेल, तर दोन बॅटऱ्या ठेवाव्यात : एक फक्त इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी दिवे आणि उपकरणांसाठी. रात्रभर दिवे जळून दुसरी बॅटरी संपली, तरी पहाटे इंजिन सुरू होते. त्यासाठी दोन स्वतंत्र आउटपुट असलेला चार्जर घ्यावा. दिव्यांसाठी ट्रकची बॅटरी वापरणे टाळावे. तिच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर मोठा करंट देण्यासाठी ती चांगली, पण रोज खोलवर रिकामी होणे तिला सोसत नाही.

एक बॅटरी लेड-ॲसिड आणि दुसरी लिथियम असेल, तर त्या थेट एकमेकींना जोडू नयेत. प्रत्येक आउटपुटवर वेगळी जात निवडता येणारा चार्जर घ्यावा. अल्टरनेटरवरून लिथियम भरायची असेल, तर मध्ये डीसी-डीसी चार्जर लावावा. फार रिकामी झाल्यावर लिथियम बॅटरीतील संरक्षक सर्किट पुरवठा एकदम तोडते आणि सगळे दिवे एका क्षणात जातात. म्हणून इंजिनची बॅटरी वेगळी असणे अधिकच गरजेचे आहे.

खरेदी करताना तपासा

- आयपी ६७ दर्जा, आतील सर्किट रेझिनमध्ये बुजवलेले. जाळीतून हवा खेचणारा पंखा असलेला चार्जर खारट हवेत टिकत नाही.
- कमी-जास्त व्होल्टवर चालण्याची क्षमता. जेटी वाहिनीच्या टोकाला असेल, तर दाब घसरतो.
- उलटी जोडणी, शॉर्ट सर्किट आणि जादा तापमान यांपासून संरक्षण.
- प्रत्येक बॅटरीची स्थिती दाखवणारा वेगळा दिवा.
- बिलावर लिहून घेतलेली वॉरंटी आणि जवळ दुरुस्तीची सोय.

जोडणी करताना

१. चार्जर बॅटरीच्या जवळ, पण तिच्या थेट वर नको. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले, की ठिणगीने भडका उडतो. बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवावी.

२. बॅटरी तळाच्या पाण्यापासून उंच, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवावी. खारे पाणी बॅटरीतील आम्लात मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होऊ शकतो.

३. वायर जाड घ्यावी. चार्जर बॅटरीपासून २ मीटरवर असेल आणि २० अँपिअर घरगुती १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून नेले, तर जवळपास १ व्होल्ट वायरीतच जातो. बॅटरी भरत नाही आणि वायर तापते. तिथे १० चौरस मिलिमीटरची, कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर वापरावी.

४. प्लस वायरीवर फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात बसवावा. शॉर्ट झाल्यास आगीचा मोठा करंट बॅटरीतून येतो, म्हणून फ्यूज बॅटरीकडे हवा.

५. जेटीवरील पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरी अर्थिंग हवी. तीन तारांची रबरी केबल आणि पाणीरोधक प्लग वापरावा. उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचणे ओल्या जेटीवर प्राणघातक ठरते. नौकेचा पंखा आणि शाफ्ट लवकर खाल्ला जाऊ लागला, तर अर्थची तार तोडू नये. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवावा आणि जस्ताचे तुकडे वेळेवर बदलावेत. २३० व्होल्टचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

वीज नसेल, तर सौर पॅनेल

१०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण २० ते २५ अँपिअर-तास भरते. वरील उदाहरणातील नौकेला २०० वॅट आणि एमपीपीटी कंट्रोलर लागेल. पॅनेलवर जाळ्याची किंवा डोलकाठीची सावली पडू देऊ नये. थोड्या सावलीनेही उत्पादन बरेच घसरते. पावसाळ्यात ढगाळ दिवशी त्यावर विसंबू नये.

बंदीच्या काळात बॅटरीची काळजी

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची समुद्रातील मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत नौकेवर विसरलेली बॅटरी स्वतःहून उतरते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास इंजिन सुरू होत नाही. नौका ओढून वर घेतली, की बॅटरी घरी आणावी. टर्मिनल गरम पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि पेट्रोलियम जेली लावावी. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. लिथियम मात्र निम्मी-अधिक भरलेली ठेवणे चांगले.

हंगामात आठवड्यातून एकदा बॅटरी तपासावी. चार तास विश्रांतीनंतर लेड-ॲसिडचे व्होल्ट १२.६ च्या वर असतील, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर चार्जर लावूनही सकाळी १२.४ च्या वर जात नसेल, तर दोष चार्जरचा, वायरीचा की बॅटरीचा, हे किनाऱ्यावरच शोधावे. सुटे मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळते. चार्जर घेण्याआधी ते घ्यावे आणि आठवडाभराच्या नोंदी वहीत लिहून दुकानात न्याव्यात.