जुनी जीप : दुरुस्ती आणि फेरबदल

नवी मुंबईत घरच्या गॅरेजमध्ये जुनी महिंद्रा जीप नव्याने उभी करण्याचा छंद अनेकांना आहे. १९४० च्या दशकात महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्यांबद्दलची ही ओढ समजण्यासारखी आहे. मात्र एक समज सर्रास आढळतो : आरसी बुक चालू असले की गाडीत हवा तो बदल करता येतो.

कायदा दोन गोष्टी वेगळ्या मानतो. झिजलेला भाग बदलून गाडी मूळ रूपात आणणे ही दुरुस्ती. गाडीची मूलभूत वैशिष्ट्ये बदलतील असा बदल रचनेत करणे हा फेरबदल. सिडकोच्या घरात रंगकाम करणे आणि खांब तोडणे यांत जो फरक, तोच इथे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) कापून लांबी बदलणे किंवा वेगळ्या प्रकारचे इंजिन परस्पर बसवणे नियमबाह्य ठरते. इंजिन बदलायचेच असेल, तर आधी वाशी किंवा पनवेलच्या आरटीओत (प्रादेशिक परिवहन कार्यालय) परवानगीची चौकशी करावी.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. तीही मूळ रूप राखलेल्या गाडीलाच. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी चॅसी व इंजिन क्रमांक कागदांशी पडताळून पाहावेत. पुढची मेहनत मग वाया जाणार नाही.